शून्य दशांश सहा एक

प्लोएश्तीच्या तेलशाळेत, तळमजल्यावर,
स्मारांदा चार गोळ्या निवडून घेते.
पोलादी, बोराएवढ्या.
तीन खाली वाटीत, एकमेकींना भिडवून आवळलेल्या,
हलायची सोय नाही.
चौथी वर. ती फिरणार.
मधे तेल.

चाळीस किलो भार, पंचाहत्तर अंश,
मिनिटाला बाराशे फेरे, एक तास.
तेवढ्यात ती पावावर वांग्याची झाकुस्का पसरून खाते
आणि कान यंत्राकडे ठेवते.
घुमणं जाड झालं की तिचा घास थांबतो.

नुसतं तेल भाबडं.
भार वाढला की बाजूला सरतं,
मग पोलादाला पोलाद उघडं भेटतं.
म्हणून जस्त, गंधक, फॉस्फरस,
शेकड्याला जेमतेम एक भाग.
पिंपात ते नुसतं पडून असतं, वर्षानुवर्षं, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
घासतं, तापतं,
तिथेच त्याचा पापुद्रा धरतो,
केसाच्या जाडीचा हजारावा हिस्सा,
सलगही नाही, ठिगळं ठिगळं.
झिजायचं ते पापुद्रा झिजतो,
आणि जातो तितका पुन्हा धरतो.
तेलात जस्त उरलंय तोवर.

तिचे वडील, कोस्ताके, किंपिनाच्या तेलविहिरीवर.
एका हिवाळ्यात कुणा शहाण्यानं
गिअरपेटीत औषध दुप्पट ओतलं,
जास्त घातलं तर जास्त टिकेल म्हणून.
मार्चमध्ये झाकण काढलं.
काशाचं चाक काळं ठिक्कर, दात कुरतडलेले,
घर्षणानं नव्हे,
औषधानंच.
कोस्ताकेंनी एक दात रुमालात बांधून घरी आणला,
जेवणाच्या टेबलावर ठेवला,
बोलले काहीच नाहीत.
आई म्हणाली, हे उचला आधी.

आज नमुना सतरावा.
जस्त निम्मं केलेलं,
कारण गाडीच्या धुराड्यातल्या जाळीला फॉस्फरस सोसत नाही
आणि शहराला धूर सोसत नाही.
दोघांचंही खरं.
तास संपतो. ती गोळ्या पुसते, भिंगाखाली धरते.
डोळ्यांत तेल घालून म्हणतात
ते इथे शब्दशः, पापण्यांना वास लागतो.
तिन्ही गोळ्यांवर एकेक वाटोळा व्रण.
आडवा मोजते, उभा मोजते,
सहा आकडे, सरासरी मिलिमीटरमध्ये:
शून्य दशांश सहा एक.

दारात होरात्सिऊ, नवा साहेब, कोट अजून अंगातच.
सहा शून्य असतं तर पास होतं, म्हणतो.
असतं तर, ती म्हणते.
एखादी कड पुसट असेल, बाई, पुन्हा बघा ना.
ती खुर्ची सोडते. बसा.

तो बसतो. बघतो.
चष्मा काढून बघतो.
बाहेर ट्रॉलीबसची तार ठिणगी टाकते.
काय दिसतंय?
रेघा. एकाच दिशेच्या. नांगरल्यासारख्या.
आकडा?
तो तिसऱ्यांदा बघतो आणि खाली मान घालून सांगतो,
सहा दोन.

ती वहीत आपलाच लिहिते, सहा एक,
आणि वापरलेल्या गोळ्या लोणच्याच्या बरणीत सोडते.
खळ्ळ.
तास भरला की त्या पुन्हा चालत नाहीत,
तेल बदललं तरी.

जाताना तो बरणीतून एक उचलतो,
अंगठ्यानं व्रण चाचपत खिशात टाकतो.
ठेवील आज कुठल्यातरी टेबलावर.
कुणीतरी म्हणेल,
हे उचल आधी.