हायड्रोजनचा पत्ता

बाझोवित्साच्या पठारावर बोरा वारा सुटलाय,
पत्र्याची झाकणं रात्रभर बडबडताहेत.
आत नेवेंका वोदोपिवेत्स,
निवृत्तीला सात महिने उरलेली,
चमचाभर पांढरी पूड भट्टीत ठेवते.
सायटोसिन. दिसायला तांदळाची पिठी,
आणि ज्या चार अक्षरांत आपण सगळे लिहिलेले
त्यांतलं एक.

आधी हवा काढून घ्यायची. सगळी.
मग जपून तापवायचं, दोनशे अंशांच्या जरा मागेपुढे;
करपलं की तीन दिवसांची घासाघीस.
गेल्या मार्चात करपलं होतं.
त्याबद्दल ती बोलत नाही.

वाफेवर क्ष-किरण पडतो,
कुठल्याशा अणूच्या अगदी आतल्या खोलीतून
एक इलेक्ट्रॉन उठून चालू लागतो.
प्रकाशानं दिलं त्यातून घराचं देणं फेडून
उरलं तेवढंच त्याच्या पदरात.
ज्याच्या पदरात कमी
त्याला घरानं जास्त घट्ट धरलं होतं.
आपण दारात उभं राहून मोजायचं, बस.

पहाटे तीनला पडद्यावर नायट्रोजन:
चारशे चारच्या पुढे एक उंचवटा,
चारशे सहापाशी दुसरा,
आणि दोघे जवळजवळ एकाच उंचीचे.
पुस्तकातलं चित्र खरं असतं
तर एक दुसऱ्याच्या दुप्पट हवा होता.
यंत्र तपास, ती स्वतःलाच बजावते.
तपासते. यंत्र ठणठणीत.

बोलोन्याहून ताद्देओचा निरोप येतो,
आठवडाभर समीकरणं दळून डोळे तांबारलेल्या ताद्देओचा:
एकच रूप धरून बसू नकोस.
काही रेणूंत हायड्रोजन नायट्रोजनवर,
काहींत ऑक्सिजनवर जाऊन बसलेला.
सूत्र तेच, वजन तेच.
पत्ता तेवढा बदलला.

नेवेंका खुर्चीत मागे रेलते.
वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर बेविलाक्वा लिहिलं होतं,
सरकारी शाईत, इटालियनमध्ये.
घरात वोदोपिवेत्स.
दोन्हींचा अर्थ पाणी पिणारा.
लहानपणी तिनं एकदा विचारलं होतं,
बाबा, यातलं खरं कुठलं?
त्यांनी नळ सोडला, पेला भरला,
उभ्याउभ्या प्यायले,
आणि पेला विसळून पालथा घातला.

वहीत ती लिहिते:
मिश्रण. किमान तीन रूपं. भट्टी ठीक.
पुढच्या पाळीनं तापमान वाढवू नये.

बाहेर एक झाकण
एकदाचं उडून जातं.