पाव आटा

बाबाच्या घोट्यावर मी अंगठा दाबते.
खळगा पडतो. भरून यायला
मनात बारा आकडे मोजावे लागतात.
परवा नऊ लागले होते.

आमचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात.
विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही,
हंड्याच्या बुडाशी पांढरं साचतं,
आई कणकेत मीठ घालत नाही,
ते पाणीच घालतं.
नळ आठ दिवसांनी. तो सोडतो बाबा,
तेवीस वर्षं, एक लोखंडी चावी, पाच वॉल.
कोणत्या गल्लीला किती आटे
हे ग्रामपंचायतीच्या कुठल्याच वहीत नाही.

आणि मी तालुक्याच्या दवाखान्यात लघवी तपासते.
एप्रिलात पऱ्हाट्या उपटायला जाणाऱ्या बाया
दिवसभर पाणी पीत नाहीत,
वावरात आडोसा नाही म्हणून.
त्यांच्या बाटलीत दोन बोटं,
जवसाच्या तेलासारखी.
मी ती उजेडात धरते आणि कळतं
आत कुणीतरी थेंब थेंब राखलाय.

या सोमवारी एका बाटलीवर
मीच नाव लिहिलं: उकर्डा भोनाजी.

"म्हंजे आतमंधी बी वॉल हायेत?"
आहेत, बाबा. दोन्ही बाजूंना लाख लाख.
दिवसभरात बारा हंडे रक्तातून गाळून निघतात
आणि बाहेर जातो फक्त दीड तांब्या.
"बाकीचं?"
परत. मीठ आधी ओढून घेतात,
मग नवरदेवामागं वऱ्हाड निघावं
तसं पाणी त्याच्या मागं.
ऊन लागलं की डोक्यातून निरोप येतो, धरून ठेव.
जास्त प्यालं की निरोप थांबतो, सोडून दे.
"वहीत लिवलेलं नसन काही."
नाही. आटे पाठ आहेत.

तो हसला. मग पायांकडे बघून गप्प झाला.
मला सांगावं लागलं:
चावी फिरते, पण आटा घासलाय.
मीठ आतच राहतं, पाणी त्याच्यापाशी थांबतं,
आणि थांबायला जागा म्हणून पाय.

"मंग सारा दोष मिठाचाच.
मातीतबी तेच, माह्यातबी तेच."

रिपोर्ट उलटा करून मी पेनानं घेवड्याचं बी काढलं.
हे बघ. इथं, सगळ्यात आत,
एक पट्टा आहे, समुद्राहून खारा.
नळी त्याच्यातून जाते
आणि तो खारेपणाच तिच्यातलं पाणी ओढून
अंगाला परत देतो.
हा पट्टा गोडा झाला
तर माणूस बसल्या जागी वाहून जाईल.

बाबा कितीतरी वेळ त्या बीकडे बघत राहिला.
"खारपान," म्हणाला,
आणि कमरेवर मागून हात ठेवला,
गाभण गाईच्या पाठीवर ठेवतात तसा.

रात्री आईनं दोन भांड्यांत भाजी केली.
एक अळणी. तिची चव बघताना
तिनं तोंड फिरवलं आणि पदरानं चूल पुसली,
जी पुसायची गरज नव्हती.
लोणच्याची बरणी आता वरच्या फळीवर आहे.
बाबाला दिसेल अशीच.

गुरुवार. पाण्याचा दिवस.
बाबाला वाकवत नाही, तो हौदाच्या काठावर बसलाय,
चावी माझ्या हातात.
टेकाडावरच्या वस्तीला आधी,
तिथं चढ आहे, तिला अर्धा आटा जास्त,
हे मला आजच कळतं.
"पाव. पाव आटा फिरव.
बस. आता कान लाव."

मी खड्ड्यात वाकून पाइपाला कान लावते.
पाणी नाही.
पहिल्यांदा हवा येते, बाबा म्हणतो,
घाबरायचं नाही,
हवा येते पहिल्यांदा.