तोंड येणं

डोरीनबाईंनी तोंड उघडलं
तेव्हा डॉक्टर म्हणाले, ये, बघ जरा.
डाव्या गालाच्या आत, ओल्या गुलाबीवर
पांढऱ्या रेघांची जाळी.
डॉक्टरी पुस्तकातही तिला लेसच म्हणतात,
आणि बाई तर नॉटिंगहॅमच्या, लेसच्या कारखान्यातल्या.
एकोणीस वर्षं धाग्यांची टोकं दातांनी तोडली,
कात्री शोधायला वेळ कोणाला होता.
मग कापसाचा बोळा गालात असतानाच म्हणाल्या,
हा तुकडा मात्र फुकट गेला.

मी हसले नाही. माझ्या हातात काडी होती.
बारा वेळा फिरवायची, रक्त येऊ द्यायचं नाही.
आलं.

आमच्याकडे म्हणतात, तोंड आलंय.
कुठून आलं, कोणी विचारत नाही.
तूप लाव, जाईचा पाला चघळ,
येतं तसं जातंही.
डोरीनबाईंचं अकरा वर्षांपूर्वी आलं
आणि राहिलं.
आधी चिप्सवरचं व्हिनेगर सुटलं, मग मिरी,
मग टोमॅटो.
ख्रिसमसला त्या दुधात कालवलेला पाव खातात,
शेजारच्या ताटाकडे न बघता.

संध्याकाळी लॅबमधले दिवे घालवून
मी त्यांचा गाल भिंगाखाली सरकवते.
पेशींची केंद्रकं निळी.
जीवाणू लाल, मीच रंगवलेले.
वरच्या थरावर ते असणारच, तिथले रहिवासी ते,
आपल्या पहिल्या आठवड्यापासूनचे.
पण हे काही आत आहेत.
पेशीच्या आत, केंद्रकाला टेकून,
आजाऱ्याच्या उशाशी कोणी न बोलता बसावं तसे.
आणि खाली रक्तातून वर आलेल्या पेशींचा
दाट पट्टा,
चोर सापडेना म्हणून
संन्याशाला सुळी देत सुटलेला.

दार मोडलं म्हणून हे शिरले,
की हे शिरले म्हणून दार मोडलं?
चार वर्षं मी एवढंच मोजतेय.
आमच्या प्रमुख म्हणतात, संबंध लिही,
कारण लिहू नकोस.
मी संबंध लिहिते.

निरोगी नमुने कमी पडले त्या दिवशी
मी स्वतःचाच गाल खरवडला.
तेच लाल ठिपके. थोडे कमी, वरवर, शहाण्यासारखे.
कोणाकडून आले असतील?
उष्टावणाला मामाने चाटवलेलं खिरीचं बोट,
घास गरम तर नाही ना म्हणून
आधी स्वतःच्या ओठाला लावणारी आई.
घरभर उष्ट्याखरकट्याचा केवढा विटाळ,
आणि तोंडात मात्र सगळं उष्टंच,
पिढ्यान्पिढ्या.
डोरीनबाईंच्या आईनेही चमचा चाटून बघितलाच असेल,
युद्धानंतरच्या मोजक्या साखरेचा.

पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, सापडलं का कोणी?
म्हटलं, सापडलेत. पण आधी कोण आलं ते कळत नाही.
तुमच्या भाषेत काय म्हणतात याला?
मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, तोंड आलं.
बाई विचारात पडल्या.
आलं? मग आधी साठ वर्षं
होतं कुठे?

चहा आला होता. त्यांनी बशीत ओतला,
फुंकर घातली, थांबल्या,
पुन्हा फुंकर घातली.
माझा पिऊन संपला तरी
त्या थांबल्याच होत्या.