मधला पंधरवडा

इन्व्हरकार्गिलला जून म्हणजे दक्षिणेचा बोचरा वारा,
पाचलाच दिवे,
आणि सरकारी वर्षाची अखेर.
जुना करार तीस तारखेला संपणार,
नवा कुणाच्या तरी टेबलावर सहीची वाट बघत.
मधले पंधरा दिवस कुणाचेच नव्हते.
थोडी ओढाताण आहे, वेलिंग्टनहून आलेला माणूस म्हणाला,
पंधरा दिवसांत काय आभाळ कोसळतं?

मोराग काही बोलली नाही.
अकरा वर्षं ती हेडफोन लावून बसते आहे
सिगारेट सोडणाऱ्यांच्या कानाशी.
तलफ येते ती चार मिनिटांपुरती, हे तिला ठाऊक आहे,
आणि ती करार वाचून येत नाही.

वीस सेकंदांचा निरोप पुरे, असं ठरलं होतं.
संध्याकाळी तिने मला थांबवून घेतलं.
तेविता, तो फ्रिज बंद कर, गुणगुणतो.
मी बंद केला.
(कुणाचं तरी आइस्क्रीम त्या रात्री वितळलं.)
मग ती माइकशी बोलू लागली:
सेवा बंद आहे. पण फोन ठेवू नका.
खिडकीपाशी जा. काचेला बोट लावा. गार आहे ना?
पाण्याचा एक घोट. लगेच गिळू नका.
आता श्वास. माझ्याबरोबर.
त्यानंतर नुसताच तिचा श्वास,
मधे एकदा खोकला.
पुन्हा घेऊ या का, मी विचारलं.
राहू दे, म्हणाली.
चार मिनिटं दहा सेकंद.
वेलिंग्टनहून कुणी तो नंबर लावून पाहिला नाही,
म्हणून ते चाललं.

त्या पंधरवड्यात यंत्र आकडे लिहीत होतं.
मी रोज सकाळी वाचायचो, दुसरं काम नव्हतं.
सहा सेकंद. नऊ सेकंद. चार.
माणसं "बंद" एवढंच ऐकून ठेवून देत होती.
फक्त एक नंबर, रात्री दहा चाळीसला:
चार मिनिटं दहा सेकंद.
दुसऱ्या रात्री तेच.
नवव्या रात्री दोनदा, लागोपाठ.
अकराव्या रात्री एक मिनिट दोन.
बाराव्या रात्री कोरं.
तेराव्याही.

तो ब्लफचा, कालवांच्या बोटीवरचा,
एवढंच मोरागकडून कळलं होतं, नाव सांगायचं नसतं.
दिवसभर समुद्रतळावरून लोखंडी जाळं ओढायचं,
धक्क्यावर आलं की सिगारेट ओढायची,
चाळीस वर्षं.
ओढणं सोडलं तरी ओढ राहतेच,
आणि तिला धरायला दोरही नसतो.

पंधरा जुलैला सही झाली.
सकाळी आठला दिवे हिरवे झाले,
दुपारपर्यंत खुर्च्या पुन्हा उबदार.
रात्री दहा चाळीसला मोरागने फोन उचलला.
मला तिचीच बाजू ऐकू येत होती.
हो, मीच.
नाही, आज खरीच.
मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली,
पेन्सिल हातात, कागदावर काही नाही.

नंतर चहा करताना तिने सांगितलं.
तो म्हणाला, तुझा खोकला पाठ झाला होता,
तिथवर पोचलो की अर्धं पार पडलं असं वाटायचं.
अकराव्या रात्री मधेच मी तुला काहीतरी विचारलं.
तू बोलतच राहिलीस.
पुन्हा विचारलं. तू म्हणालीस, पाण्याचा घोट घ्या.
तेव्हा मी फोन ठेवला, कोट घातला,
आणि पेट्रोल पंपावर गेलो.

काय विचारलं होतं त्याने?
ते त्याने सांगितलं नाही.
तिने फक्त विचारलं, आजचा दिवस कितवा?
तो म्हणाला, पहिला.
बरं, म्हणाली, पहिला तर पहिला, मी आहे.

कपात दूध ओतताना तिचा हात जरासा हलला.
मी जाऊन ती जुनी टेप पुसायला घेतली,
आणि पुसली नाही.
पुढचा करारही तीस जूनलाच संपतो.