उपयोगाचा रकाना

जीपच्या बॉनेटवर नोंदवही पसरून
पिरलीने विचारलं, जमिनीचा प्रकार?
खोजानेपेस म्हणाला, ताकीर.
मला आधी ताकीद ऐकू आलं.

हजामतीतही हाच शब्द, पिरलीने सांगितलं,
वस्तरा फिरल्यावर जे उरतं ते.
समोर तेच होतं, नजर संपेपर्यंत.
अनवाणी म्हातारीच्या टाचेसारखी भेगाळलेली,
एक काडी नाही.
काराकुमच्या वाळूत निदान साक्साऊल तरी उगवतं,
वाकडंतिकडं, जळणापुरतं.

मी मनात शब्द लावून पाहत होतो.
बरड? बरडावर कुसळं असतात.
पडीक? पडायला आधी कोणी कसायला हवी.
वांझ ओठांपर्यंत आला, तेवढ्यात
ओगुलसापार किटली घेऊन आली.
तिच्याबद्दल हाच शब्द सकाळी ड्रायव्हरने वापरला होता,
त्याच्या भाषेत, आवाज खाली करून.
मी गिळला.

पिरलीने उपयोगासमोर आडवी रेघ मारली.

खोजानेपेसला वाचता येत नाही,
पण रेघ कळते.
रेघ कशाला? तो म्हणाला.
वाळू पाणी पिते. घटाघटा.
वसंतात आभाळ येतं एकदा, फार तर दोनदा,
आणि सगळं तिच्याच पोटात जातं.
माझ्या मेंढ्यांनी काय करायचं?
ही पीत नाही.
हिच्यावर पडलेलं हिच्यावरून चालत जातं
त्या खळग्यात. त्याला आम्ही काक म्हणतो.

(माझ्या भाषेत काक म्हणजे कावळा.
दोन कावळे होतेही तिथे, काठावर, पाय ओले करून.)

माझ्या बापाने इथेच विहीर खणली, तो म्हणाला.
खाली खारं, त्यावर हे गोडं तरंगत राहतं
उन्हाळाभर. ढवळायचं नाही, हळूच उपसायचं.
हिच्यात काही उगवलं असतं
तर आम्ही इथे नसतो.

चहाला मातीची किंचित चव होती.
कोणी काही बोललं नाही.
ओगुलसापारने न विचारता
माझा पेला पुन्हा भरला.

नोंदवहीत शाईने लिहिलेलं खोडता येत नाही,
तसा नियम आहे.
पिरलीने रेघ तशीच ठेवली
आणि तिच्या डोक्यावर, बारीक अक्षरांत,
लिहिलं: चहा.

परतताना माझ्या वहीत मी
ताकीर असं लिहून ठेवलं.
की ऱ्हस्व की दीर्घ,
विचारायला चारशे मैलांत कोणी नव्हतं.