माझी पाठ त्याच्याकडे

अकरा वर्षं मी हेरंब तांबटच्या पुढे उभा राहिलो,
म्हणजे अकरा वर्षं माझी पाठ त्याच्याकडे होती.
स्टॉपरला गोलकीपर दिसत नाही, ऐकू येतो.
"डावा धर! सोड, माझा! मागे बघू नकोस, मी आहे."
जानेवारीत मुरारच्या मैदानावर धुकं असं बसायचं
की किल्ला नाहीसा, गोलपोस्ट नाहीशी,
उरायचा तेवढा तो आवाज,
फक्कीच्या रेघेसारखा. मी त्याच्यावरून चालायचो.

एका हंगामात आवाज बारीक होत गेला.
मला वाटलं, घसा.
मग तो चेंडू झेलेना, नुसता ठोसा मारून उडवायचा,
छातीवर अलगद आलेलासुद्धा.
घोरपडे सर ओरडायचे, "अरे पकड की! पापड लाटतोयस का?"
आम्ही हसायचो. मी चिडायचो पण,
ठोशाने उडालेला चेंडू फिरून माझ्याच डोक्यावर यायचा.

पुढे दोन महिने तो नव्हताच. गुडघा, म्हणाले.
मी संत्री घेऊन हाडांच्या वॉर्डात गेलो.
नर्सने वही खालून वर पाहिली:
तांबट नावाचं इथे कोणी नाही.
पायऱ्यांवर बसून तीन संत्री सोलून खाल्ली,
उरलेली चौकीदाराला दिली
आणि घरी आलो.
कुणाला काही विचारलं नाही.

परगावी सामन्याला गेलो की गॅलरीतून हमखास हाक यायची,
"ग्वाल्हेरवाले! भिंत उडी मारून आलात की सोडलं?"
आमचं गाव लोकांना किल्ल्यामुळे माहीत, गाण्यामुळे माहीत,
आणि त्या तिसऱ्या गोष्टीमुळे.
आम्हीही दात काढायचो,
कानशिलाजवळ बोट गरागरा फिरवून दाखवायचो.
तोही फिरवायचा.
परत आल्यावरही फिरवायचा, हे आता आठवतं.

काल निरोपाचा सामना. धुक्यामुळे तासभर उशिरा.
शाल झाली, नारळ झाला, माईक त्याच्या हातात आला.
"गुडघा माझा ठणठणीत आहे," तो म्हणाला. लोक हसले.
"मी आरोग्यशाळेत होतो. एकोणसाठ दिवस.
गोळी अजून चालू आहे. तिने हात कापतात, म्हणून ठोसे.
पापड नव्हते, सर."
माईक किंचाळला. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.
घोरपडे सरांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.
मागच्या रांगेत कुणीतरी शिट्टी मारली,
ती कसली, तेव्हाही कळलं नाही.

"पेनल्टीला मी कधी भ्यालो नाही," तो सांगत होता,
"चेंडू तुमच्या पायात, पार पलीकडे,
आणि मला काही काम नाही, तेव्हा भ्यायचो.
तेव्हा पाठीमागून जाळी बोलायला लागायची.
तिला गप्प करायला तुम्हाला हाका मारायचो.
एक दिवस हाका संपल्या."

हातापेक्षा मोठे ग्लोव्हज घातलेल्या एका पोराने विचारलं,
"काका, मग आता गोळी पण बंद?"
"निवृत्त फुटबॉलमधून होतोय, बेटा."

मग आम्ही ठेल्यावर बेडई खायला गेलो.
पानाचा द्रोण त्याच्या हातात थरथरला,
बटाट्याचा रस्सा नव्या शालीवर सांडला.
त्याने पुसला नाही, मीही पुसायला गेलो नाही.
इतक्या जवळून, समोरून, मी त्याला पाहत होतो.
हनुवटीवर चार टाके. ते माझ्या टाचेचे,
एका कॉर्नरला मी मागे सरकलो तेव्हाचे.
त्याच्या भुवया अशा आहेत, हे मला माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "मी आलो होतो रे. हाडांच्या वॉर्डात. संत्री घेऊन."
तो चावायचा थांबला.
"किती होती?"
"डझनभर."
"आणि मला एक नाही," तो म्हणाला,
आणि माझ्या द्रोणातली मिरची उचलून खाल्ली.