घडी

आता तिच्या पोटात आग नाही, कोळसा नाही,
तरी मी तिला आगबोटच म्हणणार.
काळं अंग, वर पांढरे मजले, लाल धुराडं.
साउदॅम्प्टनच्या धक्क्यावर ती उभी
आणि एनिड लॅपथॉर्न, वय वर्षं एक्क्याऐंशी,
एका हातात काठी, दुसऱ्यात तिकीट,
मान वर करून बघतेय,
जन्मभर मागच्या दारानं गेलेल्या घरात
पहिल्यांदाच पुढून शिरताना बघावं तशी.

पंधराव्या वर्षी ती बोटींच्या धोबीखान्यात लागली.
बोट सकाळी यायची, दुसऱ्या दुपारी सुटायची,
मधल्या रात्रीत चादरी, अभ्रे, टेबलक्लॉथ,
आणि नॅपकिन. ते तर मोजायचेच नाहीत.
वाफ, खळ, सोड्यानं सोललेली बोटं.

अटलांटिक तिला ठाऊक होता तो डागांवरून.
सूप फार सांडलेलं असलं की म्हणायची,
वादळ लागलं वाटतं.
नुसतीच वाइन असली, तर समुद्र शांत.
एकदा एका नॅपकिनवर लिपस्टिकनं लिहिलेलं: नको.
एवढंच. कुणी, कुणाला, कुठल्या रेखांशावर,
सगळं उकळत्या पाण्यात गेलं.
लग्नातल्या शपथा ती विसरली,
तो शब्द नाही.

मग विमानं आली. धोबीखान्याला कुलूप लागलं.
ती शाळेच्या स्वयंपाकघरात गेली,
नवरा गेला, गुडघे गेले.

भाचा क्लाइव्ह म्हणाला, मावशी,
विमानानं सात तास, पैसेही निम्मे.
ती म्हणाली, सात तासांत पोचेन रे,
पण मग जाईन कधी?

तिसरा दिवस. कुठल्याच बाजूला कुणी नाही.
गुडघ्यांवर ब्लँकेट, पातळ कपातला चहा,
डेकच्या लाकडावर ओलं मीठ.
धुक्यात भोंगा वाजतो,
कानात नाही, छातीत,
दर दोन मिनिटांनी: मी आहे, मी आहे.
दोन भोंग्यांच्या मधे
एक म्हातारा शब्दकोडं सोडवतोय,
बायको त्याला ठासून चुकीची उत्तरं सांगतेय.
एनिड बूट काढते
आणि तळव्यांनी इंजिन ऐकते.

जेवताना ती नॅपकिन उलटा करून शिवण बघते.
मिश्र धागा. खळ नाही. घडी अर्ध्या इंचानं चुकलेली.
इलोइलोचा रोडेलियो पाणी ओतता ओतता थांबतो:
काही चुकलं का, मॅडम?
ती बोलत नाही. नॅपकिन पसरते,
तळहातानं एकदा, अंगठ्याच्या नखानं एकदा,
आणि कापड टेबलावर ताठ उभं राहतं.
रोडेलियो म्हणतो, पुन्हा दाखवा.
शेजारच्या टेबलावर सूप निवतंय, निवू दे.

पश्चिमेला जाताना पाच रात्री
घड्याळ एकेक तास मागे जातं.
फुकटचा तास.
कुणी घडी घालून उशाशी ठेवावा
तसा पांढरा, कोरा.
पहिले दोन तिनं झोपेत घालवले.
तिसरा कठड्याशी, वाऱ्यात,
नवऱ्याशी भांडण्यात गेला;
त्याच्या आजारपणात ते भांडण राहून गेलं होतं.
चौथा...
चौथ्याचं ती क्लाइव्हलाही सांगणार नाही.
एवढंच कळलंय की कॉर्कचा एक विधुर,
पियानो जुळवणारा,
नाचताना तिची काठी स्वतःच्या कोपराला अडकवून होता
आणि दोघांचीही पावलं चुकत होती.

आज पाचवा.
ती दिवा मालवत नाही.
परतीचं तिकीट क्लाइव्हनं विमानाचं काढलंय;
पूर्वेकडे उडताना म्हणे
पाचही तास एका रात्रीत परत घेतात.

घेऊ देत, ती म्हणते.
वापरलेले मिळतील.
चुरगळलेले,
डागांसकट.